खाट नसलेल्या दवाखान्यांचा हिशेब : आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री
आणि राज्यातील सर्व महानगरपालिका व नगरपालिकांचे आरोग्य अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांना राज्याच्या आरोग्यव्यवस्थेत जागा देण्याबाबत

सन्माननीय महोदय,

आरोग्याशी संबंधित आपले बहुतेक कायदे आणि योजना वाचल्या, तर सगळीकडे मोजमाप एकाच गोष्टीने होते : खाटेने. आम्ही फॅमिली डॉक्टर, आमच्याकडे खाट नाही. एक टेबल, एक तपासणीचा बाक, बीपीचे यंत्र, वजनकाटा, औषधांचे कपाट, बाहेर दोन बाकडी आणि एक कंपाउंडर, एवढ्यात आमचा दवाखाना उभा असतो. आमच्यात एमबीबीएस आहेत, बीएएमएस (आयुर्वेद) आहेत, बीएचएमएसही (होमिओपॅथी) आहेत. काहींचे दवाखाने मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत, काहींचे तालुक्याच्या गावी. पुढे जे लिहिले आहे त्यावर आमचे एकमत आहे. जिथे नाही तिथे तसे सांगितले आहे.

आधी आकार सांगतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) देशात उपचार घेतलेल्या आजारांपैकी सुमारे ४३ टक्के आजार खासगी डॉक्टर किंवा दवाखान्याकडे गेले. सरकारी यंत्रणेकडे ३० टक्के, खासगी रुग्णालयांकडे २३. म्हणजे ताप, खोकला, जुलाब, शुगर, बीपी, त्वचेचे रोग यांचा सर्वांत मोठा वाटा खाट नसलेल्या खोल्यांत हाताळला जातो. आणि नेमक्या याच खोल्या सरकारच्या कागदावर धड सापडत नाहीत.

१९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खाटा असलेल्यांना लागू. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, दर्शनी भागात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे आले; तेही खाटवाल्यांसाठीच. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा साध्या दवाखान्यांनाही कवेत घेतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आम्हाला त्या कायद्याची फार ओढ आहे असे नाही, त्यातल्या काही अटी छोट्या दवाखान्याला झेपणाऱ्या नाहीत. पण परिणाम असा की कोणत्या प्रभागात किती दवाखाने आहेत, कोण चालवते, वेळ काय, याची एकही खात्रीची यादी शासनाकडे नाही. वैद्यकीय परिषदेची नोंदणी डॉक्टरची असते, दवाखान्याची नाही. जन्मभर परदेशात राहिलेला डॉक्टरही त्या यादीत असू शकतो आणि पत्ता तीस वर्षांपूर्वीचा.

यादी नसल्याचे मोल २०२० मध्ये कळले. दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर कारवाई करू, असे आदेश निघाले. आम्ही उघडे ठेवले. करोनायोद्ध्यांसाठी ५० लाखांचे विमा कवच जाहीर झाले होते. पण नवी मुंबईत दवाखाना चालवताना करोनाने गेलेल्या एका डॉक्टरच्या पत्नीला ‘त्यांची सेवा शासनाने अधिग्रहित केली नव्हती’ असे उत्तर मिळाले. उच्च न्यायालयातही हार झाली आणि तिला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आदेश देताना आम्ही यंत्रणेचा भाग, भरपाई देताना खासगी. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा डॉक्टरांची सेवा अधिग्रहित झाली होती असे मानले, पण प्रत्येक दावा पुराव्यावर तपासला जायचा आहे. पुढच्या साथीत काय करायचे हे आत्ताच लिहून ठेवा.

आता पैशाकडे येऊ, कारण आमच्या मते दुखण्याचे मूळ तिथे आहे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली. आता तिचे कवच ५ लाखांचे आहे आणि ते राज्यातल्या सर्व नागरिकांना खुले आहे. योजना चांगली आहे, तिने घरे वाचवली आहेत. पण ती दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. खासगी मेडिक्लेमचेही तेच : डे-केअरच्या यादीतल्या शस्त्रक्रिया सोडल्या तर २४ तास दाखल राहिल्याशिवाय दावा बसत नाही. विम्याच्या व्याख्येत रुग्णालय म्हणजे एक तर कायद्याखाली नोंदलेले, नाहीतर १० लाखांखालच्या वस्तीत किमान १० खाटा आणि मोठ्या शहरांत १५ खाटा असलेले. दवाखान्यात बरा झालेला रुग्ण या हिशेबात कुठेच बसत नाही.

मधुमेहाच्या एका रुग्णाचे वर्ष घ्या. शुगर आटोक्यात असेल तर एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) सहा महिन्यांनी, नसेल तर तीन महिन्यांनी. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण, लिपिड (रक्तातली चरबी), ईसीजी, डोळ्याचा पडदा. प्रत्येक वेळी बूट-मोजे काढून पाऊल बघणे, वर्षातून एकदा १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक तंतूने) संवेदना तपासणे. यात लघवीतले अल्ब्युमिन ही सर्वांत स्वस्तातली आणि सर्वांत जास्त चुकवली जाणारी तपासणी. क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाचा बराच भाग गेलेला असतो. अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी वर्षे आधी दिसते आणि तेव्हा बीपी नीट ठेवून, टेल्मिसार्टनसारखे औषध देऊन गाडी थांबवता येते. या तपासणीला कोणतीही योजना पैसे देत नाही. मूत्रपिंड निकामी झाल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा होणाऱ्या डायलिसिसला मात्र योजना पैसे देते, आणि ते द्यायलाच हवेत. आधीच्या दहा वर्षांचे काय, एवढेच आम्ही विचारतो.

दुसरा परिणाम उघडपणे बोलला जात नाही, म्हणून इथे बोलतो. ज्या न्यूमोनियावर, जुलाबावर, डेंग्यूच्या साध्या तापावर रोज तपासून घरी उपचार होऊ शकतात, तो रुग्ण ‘क्लेम बसावा’ म्हणून दाखल होतो. रुग्णाचा खिसा वाचतो, रुग्णालयाची खाट भरते, विम्याचा हप्ता पुढच्या वर्षी सगळ्यांचा वाढतो. यात एकट्या रुग्णालयाला दोष देऊन भागणार नाही. नियमच तसा आहे.

बीपीच्या बाबतीत तर आपल्याच राज्याने रस्ता करून दाखवला आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. त्यातली युक्ती साधी : मोजकी औषधे, ठरलेल्या पायऱ्या, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या, आणि न आलेल्या रुग्णाला फोन. खासगीत नेमके याच्या उलट चालते. रुग्ण पंधरा दिवसांच्या गोळ्या घेतो, संपल्या की बरे वाटते म्हणून थांबतो, दोन महिन्यांनी डोके दुखले की येतो. मग दुसरा डॉक्टर दुसरी गोळी लिहितो.

अडचण इथे आहे. सरकारी केंद्रात गोळ्या मोफत आहेत, पण आमची चिठ्ठी तिथे चालत नाही. रुग्णाने कामाचा खाडा करायचा, नवा केस पेपर काढायचा, रांगेत उभे राहायचे. तिथे त्याला दुसऱ्या रंगाची, दुसऱ्या आकाराची गोळी मिळते. घरी जुनी पाकिटे असतातच. मग तो टेल्मिसार्टन दोन नावांनी घेतो, एक आमची, एक सरकारी. उन्हाळ्यात जुलाब झाले, शरीरातले पाणी कमी झाले, वर गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली, की क्रिएटिनिन चढते आणि चक्कर येऊन म्हातारा माणूस पडतो. ही दुर्मीळ गोष्ट नाही. ज्येष्ठ रुग्णांना ‘घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणा’ असे सांगितले की हे लगेच उघड होते.

मागणी अशी : ज्या रुग्णाचे निदान ठरले आहे आणि औषध पक्के झाले आहे, त्याच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राने किंवा ‘आपला दवाखाना’ या सरकारी दवाखान्याने नोंदणीकृत फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी मान्य करावी. चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नाव, मात्रा, नोंदणी क्रमांक आणि पुढची तपासणी कधी हे असावे. केंद्राने ३० दिवसांच्या गोळ्या द्याव्यात आणि रुग्णाच्या कार्डावर शिक्का मारावा. यादी पाच-सहा औषधांपुरती ठेवा : ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, ॲटॉर्वास्टॅटिन. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतले अल्ब्युमिन आणि एचबीए१सी मोफत करून अहवाल रुग्णासोबत आमच्याकडे पाठवा. आम्हाला यात एक रुपयाही नको.

बीपी मोजण्याबद्दल थोडे, कारण सगळा उपचार त्या आकड्यावर उभा असतो. पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला टेका, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला, मोजताना बोलणे नाही, दोन वेळा मोजून सरासरी. गर्दीच्या संध्याकाळी डॉक्टरला एका रुग्णामागे तीन-चार मिनिटे मिळतात, तिथे पाच मिनिटांची विश्रांती कुठून आणायची? त्यामुळे मोजायचे काम बाहेर बसलेल्या कंपाउंडरने करायला हवे. जाड दंडावर नेहमीचा पट्टा लावला की आकडा खोटा वाढीव येतो, म्हणून मोठा पट्टा दवाखान्यात हवाच. पण कंपाउंडरला हे शिकवणारे कोणी नाही. बीपी, शुगर, वजन, ईसीजीची पट्टी, नेब्युलायझर, औषधांची मुदत, सुयांची विल्हेवाट : आठवड्यातून दोन दुपारी घेतला तरी दोन महिन्यांत बसेल असा अभ्यासक्रम कौशल्य विकास विभागाने सुरू करावा. राज्यातल्या हजारो बारावी झालेल्या मुलींना गावातच काम मिळेल आणि डॉक्टरचे डोके रुग्णाकडे राहील.

यानंतरचा विषय जुना आहे आणि चिघळलेला आहे : रेफरल.

आम्ही चिठ्ठी देऊन रुग्ण पाठवतो. चिठ्ठी जाते, उत्तर येत नाही. महिन्याने रुग्ण हातात फाइल घेऊन येतो, त्यात पन्नास पाने अहवाल आणि शेवटी डिस्चार्ज कार्ड. कार्डावर औषधांची ब्रँड नावे, पुढे ‘कंटिन्यू’. किती दिवस? कोणासाठी? ॲसिडिटीची गोळी दाखल असताना सुरू केलेली, ती पाच वर्षांनीही चालू असते. याउलट स्टेंट टाकल्यावरची रक्त पातळ करणारी दुसरी गोळी, जी ठरलेल्या महिन्यांपर्यंत एक दिवसही चुकता कामा नये, ती ‘महाग पडते’ म्हणून रुग्ण तिसऱ्या महिन्यात बंद करतो आणि कार्डावर तारीखच नसल्याने त्याला अडवायला आमच्या हाती काही नसते. दात काढायच्या आधी ती थांबवावी का, हे विचारायला फोन नंबर नसतो.

कार्डावर सहा गोष्टी असाव्यात : निदान, काय केले आणि कोणत्या तारखेला, घरी जातानाचे महत्त्वाचे आकडे (क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, हृदयरुग्णाचे इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता), नवी औषधे जेनेरिक नावाने आणि प्रत्येकाच्या पुढे ‘या तारखेपर्यंत’ किंवा ‘कायम’, दाखल होण्याआधीची कोणती औषधे बंद केली, आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा. हे सक्तीचे करायला नवा कायदा लागत नाही. जनआरोग्य योजनेत रुग्णालयाला पैसे मिळण्यासाठी डिस्चार्ज कार्ड अपलोड करावेच लागते. हे सहा रकाने भरले नसतील तर दावा परत पाठवा. महिन्याभरात सगळ्यांचे हात वळणावर येतील.

उत्तर न येणाऱ्या याच पोकळीत कट प्रॅक्टिस वाढली. रुग्ण पाठवणाऱ्याला पाकीट मिळते, माहिती मिळत नाही. आमच्यातल्या अनेकांनी ते घेतले आहे, काही आजही घेतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००२ च्या आचारसंहितेत कमिशन घेणे आणि देणे दोन्ही गैर आहे. २०१७ मध्ये निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. तो कपाटात आहे. तो बाहेर काढा, त्यात दोन्ही बाजूंना सारखी शिक्षा ठेवा, आणि त्याच वेळी फॅमिली डॉक्टरला सन्मानाने फी घेता येईल अशी व्यवस्था करा. ज्या वस्तीत तपासणी आणि दोन दिवसांची औषधे मिळून शे-दीडशे रुपये घेतले जातात, त्यातून गाळ्याचे भाडे, पगार, वीज, औषधे आणि बिगरनिवासी दराचा मालमत्ता कर भागवायचा असतो, तिथे पाकिटाचा मोह कुठून येतो ते ओळखायला अर्थशास्त्री लागत नाही.

क्षयरोगाबद्दल. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण कळवणे खासगी डॉक्टरला सक्तीचे आहे. २०१८ पासून न कळवणाऱ्यावर, मग तो डॉक्टर असो, प्रयोगशाळा असो की मेडिकलवाला, फौजदारी कलम लावता येते. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली की डॉक्टरला ५०० रुपये, उपचाराचा निकाल कळवला की आणखी ५००. रुग्णाला पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० झाली. कागदावर सगळे ठीक.

बिघडते ते निदानाच्या आधी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या रुग्णाला आम्ही सरकारी केंद्रात बेडका तपासायला पाठवतो. सीबीनॅट किंवा गोव्याच्या कंपनीचे ट्रूनॅट, दोन्ही तपासण्या मोफत आहेत आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारा जंतूही त्याच नमुन्यातून सापडतो. पण नमुना सकाळी द्यायचा, केंद्र बारापर्यंत. रोजंदारीवरचा माणूस एक दिवस जातो, ‘उद्या या’ ऐकतो आणि परत जात नाही. तो गेला तरी डबीत थुंकी देतो, बेडका देत नाही, कारण कोणी दाखवलेले नसते : आधी चूळ भरायची, खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचे, किमान दोन मिलिलिटर दाट नमुना हवा. आमची चूकही इथेच होते. खोकला थांबावा म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिले जाते. ते क्षयावरही थोडे चालते, रुग्णाला बरे वाटते, निदान दीड महिना लांबते आणि जंतू त्या औषधाला सरावतो.

उपाय स्वस्त आहे. दवाखान्यांना डब्या द्या, कंपाउंडरला नमुना घ्यायला शिकवा, आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी आरोग्य कर्मचाऱ्याने नमुने उचलावेत आणि निकाल फोनवर कळवावा. जिथे एखाद्या संस्थेने हे करून पाहिले तिथे प्रकल्पाचे पैसे संपले की ते थांबले. नियमित अंदाजपत्रकात घ्या.

साथींचेही असेच. डेंग्यूची रॅपिड किट आमच्याकडे असते. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ चाचणी, नंतर शरीरातली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम. शासन मात्र निश्चित रुग्ण म्हणून प्रयोगशाळेतली एलायझा चाचणीच मोजते. त्यात शास्त्र आहे, तक्रार नाही. तक्रार अशी की रॅपिड पॉझिटिव्ह कळवला तर तो ‘संशयित’ म्हणून बाजूला पडतो, रक्त सेंटिनल केंद्रात (शासनाने ठरवलेल्या प्रयोगशाळेत) न्यायला कोणी येत नाही, आणि डास शोधणारे पथक आठवड्याने त्या इमारतीत पोहोचते. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), स्वाइन फ्लू, प्रत्येकाचा नमुना वेगळा, पाठवायची जागा वेगळी. एकच फॉर्म द्या : वय, लिंग, परिसर, संशयित रोग, तापाचा दिवस, चाचणी कोणती. मोबाइलवर अर्ध्या मिनिटात भरला गेला पाहिजे. बदल्यात आम्हाला दर सोमवारी प्रभागवार आकडे द्या. शेजारच्या गल्लीत लेप्टोचे रुग्ण आहेत हे वर्तमानपत्रातून कळण्यात काय शहाणपण?

चांगले उदाहरण आपल्याच घरात आहे. मुंबई महापालिका पावसात रस्ते तुंबले की लेप्टोसाठी सल्लापत्र काढते : पाण्यातून चाललेल्या प्रौढाला ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम, गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन, मुलांची मात्रा वेगळी, जखम असेल किंवा पुन्हा पुन्हा पाण्यात जावे लागत असेल तर काय. एका पानात बसते, दवाखान्यात लावता येते, त्याच संध्याकाळी उपयोगी पडते. असा कागद प्रत्येक महापालिकेने प्रत्येक मोसमात काढावा.

प्रतिजैविकांविषयी आमच्यावर टीका होते, ती बरीचशी योग्य आहे. तीन दिवसांच्या सर्दीला ॲझिथ्रोमायसिन, तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडचे सेफिक्झिम, ‘डॉक्टर, सुई मारा, उद्या कामावर जायचंय’ म्हटले की डायक्लोफेनॅकसोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. एकाच वेळेच्या विडालवरून टायफॉइड ठरवता येत नाही. प्रतिजैविक देण्याआधी आठ-दहा मिलिलिटर रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) हवे. ते खासगीत महाग आणि निकाल तीन ते पाच दिवसांनी, तोवर रुग्ण तीन दवाखाने फिरून येतो. महापालिका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने आमच्याकडून आलेली कल्चरची बाटली स्वीकारली, आणि दर तीन महिन्यांनी ‘या भागात लघवीच्या संसर्गात कोणते औषध किती चालते’ एवढे छापून दिले, तर निम्मी चुकीची औषधे आपोआप बंद होतील. मार्च २०१४ पासून मेडिकल दुकानदार शेड्यूल एच१ च्या (काही प्रतिजैविके आणि इतर जपून वापरायच्या) औषधांचे वेगळे रजिस्टर ठेवतो, त्यात डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध, संख्या सगळे असते आणि ते तीन वर्षे जपायचे असते. त्या रजिस्टरांतून कोण किती लिहितो हे काढून प्रत्येक डॉक्टरला त्याचा आकडा खासगीत कळवा. दंडापेक्षा हा आरसा जास्त काम करील असे आम्हाला वाटते.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम आम्हालाही लागू आहेत आणि ते असायलाच हवेत. पिवळ्यात रक्ताचा कापूस, लालमध्ये सिरिंज आणि नळ्या, पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात सुया, निळ्यात काचेच्या बाटल्या; पिशवीवर बारकोड; दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल. रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असे नियम म्हणतो आणि तालुक्याच्या गावी गाडी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा येते. नोटीस मात्र दवाखान्याला. गाडीचे वेळापत्रक प्रदूषण नियंत्रण मंडळाने जाहीर करावे आणि न आलेल्या दिवसाची नोंद आम्हाला करता यावी, एवढे पुरे.

शिक्षणावर आमच्यात मतभेद आहेत. १९९२ च्या अधिसूचनेपासून राज्यात आयुर्वेद पदवीधरांच्या आधुनिक औषधोपचाराला आधार आहे. होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम आला, आणि त्यांच्या वैद्यकीय परिषदेतल्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये डॉक्टरांचा संपही झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, होमिओपॅथने प्रशिक्षणाविना ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे ठरवले होते, ते प्रकरणही मुंबईचेच. हा वाद इथे सुटणार नाही. पण एक गोष्ट तिन्ही पदव्यांना सारखी लागू आहे : फॅमिली डॉक्टर होण्याचे शिक्षण कोणालाच मिळत नाही. एमबीबीएसचा विद्यार्थी मोठ्या रुग्णालयात शिकतो, जिथे रुग्ण आधीच चाळून आलेला असतो. शंभर तापांतून एक मेंदूज्वर ओळखणे, काहीही न करता दोन दिवस थांबणे, एका भेटीत घरातल्या तिघांचे बोलणे ऐकणे, हे तिथे दिसत नाही. इंटर्नशिपचे वर्ष पीजीच्या परीक्षेच्या पुस्तकात जाते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने फॅमिली मेडिसिनमधील एमडी वाढवावे असे म्हटले आहे. राज्यातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा विभाग उघडा आणि तिथे शिकवायला दवाखाना चालवणारे डॉक्टर मानधनावर घ्या. इंटर्नना किमान दोन आठवडे निवडलेल्या दवाखान्यांत पाठवा. जे आधीच व्यवसायात आहेत त्यांच्यासाठी : परिषदेच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात, ते बहुतेक वेळा औषध कंपनीच्या खर्चाने हॉटेलात भाषणे ऐकून मिळतात. त्यातले निदान दहा तास जिल्हा रुग्णालयात प्रत्यक्ष हाताने शिकण्याचे ठेवा : ईसीजी वाचणे, डोळ्याचा पडदा बघणे, मधुमेही पायाची पट्टी, बाळाचे श्वास मोजणे.

मोबाइलने काम वाढवले आहे आणि उत्पन्न शून्य. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पुरळाचा फोटो, रक्ताचा अहवाल, ‘काय घेऊ?’ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार तेही वैद्यकीय सल्ला देणेच ठरते : नोंद ठेवायची, नोंदणी क्रमांकासह चिठ्ठी द्यायची, फी घेता येते, आणि झोपेच्या-नशेच्या यादीतली औषधे फोनवर लिहायची नाहीत. बहुतेक रुग्णांना आणि बऱ्याच डॉक्टरांना यातले काही माहीत नाही. खात्याने मराठीत एक पानाची सूचना काढून ती दवाखान्यांत लावायला द्यावी. रोजचे वाद निम्म्यावर येतील.

आभा क्रमांकाला (रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाला) आमचा विरोध नाही. पण दवाखान्यात संगणक, नोंद करणारा माणूस आणि २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याची जबाबदारी, तिन्हींचा भार एकट्या डॉक्टरवर टाकायचा असेल तर बदल्यात त्याच्या पडद्यावर काहीतरी उमटले पाहिजे : रुग्णाचा मागचा क्रिएटिनिन, डिस्चार्ज कार्ड, लसींची नोंद. नुसता भरायचा रकाना कोणी फार दिवस भरत नाही.

हे सगळे एकदम राज्यभर करा असे आम्ही म्हणत नाही. एक महापालिका प्रभाग आणि एक तालुका निवडा. पहिल्या महिन्यात दवाखान्यांची यादी करा : नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, वेळ, फोन. दुसऱ्या महिन्यापासून बीपी-शुगरच्या गोळ्या आमच्या चिठ्ठीवर, आठवड्यातून दोनदा बेडका आणि रक्ताचे नमुने उचलणे, आणि एकच साथरोग फॉर्म. सहा महिन्यांनी मोजा : किती रुग्णांचा बीपी १४०/९० च्या खाली आला, खोकल्यापासून क्षयाच्या निदानापर्यंत किती दिवस लागले, किती रुग्ण गोळ्या घ्यायला परत आले. आमच्या बाजूने आम्ही केस पेपरची तपासणी करू देऊ, जेनेरिक नावाने लिहू, प्रतिजैविकांचे आकडे उघड करू. जो डॉक्टर हे करणार नाही त्याला यादीतून काढा.

बैठक बोलावलीत तर वेळेबद्दल एक विनंती. आजवरच्या निमंत्रणांत ‘सकाळी ११ वाजता, मुख्यालयात’ असे असते आणि मग ‘खासगी डॉक्टर प्रतिसाद देत नाहीत’ अशी नोंद होते. आमचे दवाखाने साधारण दहा ते एक आणि सहा ते दहा चालतात. दुपारी तीनला ठेवा. कंपाउंडरांनाही घेऊन येतो.

आपले,
शहरी आणि ग्रामीण महाराष्ट्रात जनरल प्रॅक्टिस करणारे काही फॅमिली डॉक्टर